टोरंटोच्या लो-फ्लोअर ट्राम इतक्या उशिरा का आल्या, आणि मुंबईने त्यातून काय घ्यावे

आपल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. आपण टोरंटोला बहिणीकडे गेला असताना आपल्या आई वॉकर घेऊन नव्या ट्राममध्ये काही थांब्यांवर कोणाच्या आधाराशिवाय चढल्या, पण काही थांब्यांवर चालकाला उठून येऊन रॅम्प बाहेर काढावा लागला; गाडी तीच असताना असे का, हा पहिला भाग. या ट्रामच्या खरेदीचा करार 2009 साली झाला आणि शेवटची, 204 वी गाडी 2020 च्या जानेवारीत पोचली, तर लो-फ्लोअर, म्हणजे जमिनीलगतच्या फ्लोअरची बिनपायऱ्यांची गाडी बनवणे खरोखर इतके अवघड आहे का, हा दुसरा. आणि गिरगावात आईंना बसमध्ये चढवायला आज दोघांनी हात द्यावा लागतो, तेव्हा अशा ट्राम मुंबईत पुन्हा आणता येतील का, हा तिसरा. माझी नोकरी प्रवासी गाड्यांच्या देखभालीत, मुख्यतः आगारांमध्ये गेली असल्यामुळे मी तिन्हींची उत्तरे गाडीच्या खालच्या बाजूपासून सुरू करतो.

आधी माझे मत सांगतो. लो-फ्लोअर हा एकट्या गाडीचा गुण नाही. गाडीचा फ्लोअर आणि प्रवासी जिथे उभा आहे ती जमीन यांच्यात जे अंतर उरते, तेच चढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने खरे माप असते. हे अंतर कमी करण्याचे निम्मे काम कारखान्यात होते आणि निम्मे रस्त्यावर. टोरंटोचा उशीर मुख्यतः पहिल्या निम्म्यातला आहे, आईंना आलेला फरक दुसऱ्या निम्म्यातला, आणि आपली मुंबई गाड्या विकत घेऊन दुसरे निम्मे करायचे विसरते.

जुन्या पद्धतीच्या ट्राममध्ये दोन चाके एका लोखंडी आसाने घट्ट जोडलेली असतात. चाकाचा व्यास साधारण 600 ते 700 मिलीमीटर धरला, तर आसाचा मध्य रुळापासून 300 ते 350 मिलीमीटर उंचीवर येतो. त्याच्या आजूबाजूला मोटर, गिअर, ब्रेक, वर स्प्रिंगा, आणि या सगळ्यावर डब्याचा सांगाडा. शिवाय वळणावर चाकांचा संच डब्याखाली फिरला पाहिजे, म्हणून मोकळी जागाही सोडावी लागते. असे करत करत फ्लोअर पाऊण मीटरच्या पुढे जातो आणि दारात पायऱ्या कराव्याच लागतात. टोरंटोत 1979 पासून धावलेल्या जुन्या गाड्या अशाच होत्या. दणकट, पण पायऱ्यांच्या. मुंबईच्या जुन्या ट्रामनाही पायऱ्याच होत्या.

हा फ्लोअर 300 ते 350 मिलीमीटरवर आणायचा, तर खालचे सामान कुठेतरी हलवावे लागते. विजेची उपकरणे, वातानुकूलन, ब्रेकचे रेझिस्टर हे सगळे छतावर चढवतात. ते तुलनेने सोपे आहे. चाके मात्र छतावर नेता येत नाहीत. मग काही कारखाने आडवा आस काढून टाकून प्रत्येक चाक स्वतंत्र फिरते ठेवतात. काही जण लहान चाके वापरून आस ठेवतात आणि त्याच्यावरून फ्लोअरला हलका चढ देतात. दोन्ही पद्धतींत चाकांच्या वर पेट्या उभ्या राहतात, त्यांच्यावर आसने बसवतात आणि मधली वाट तिथे अरुंद होते. आपण नव्या गाडीत काही आसने उंचावर आणि एकमेकांसमोर पाहिली असतील, ती याच कारणाने.

यात हरवते ते वळणावरचे सौजन्य. घट्ट आसावरची चाके थोड्या उताराच्या कडेची असतात, त्यामुळे वळणावर ती आपोआप मार्गावर सरकतात. स्वतंत्र चाकांना हे जमत नाही आणि त्यांची कड रुळाला घासत जाते. त्यातच बहुतेक पूर्ण लो-फ्लोअर गाड्यांमध्ये चाकांचा सांगाडा डब्याखाली मोकळा फिरत नाही, जवळजवळ जखडलेला असतो. टोरंटोची गाडी 30 मीटर लांबीची, पाच तुकड्यांची आहे. पहिला, तिसरा आणि पाचवा तुकडा चाकांवर उभा आहे, तर दुसरा आणि चौथा त्यांच्यामध्ये टांगलेला आहे. वळणात शिरताना चाकांबरोबर तो अख्खा तुकडा एकदम वळतो आणि त्याचा झटका सांध्यांमधून शेजारच्या तुकड्याला बसतो. रूळ नवा आणि सरळ असेल तर हे जाणवतही नाही. रूळ जुना, उंचसखल आणि नागमोडी असेल तर तो झटका दिवसातून हजार वेळा बसतो आणि धातू थकतो.

धातू थकतो म्हणजे काय, हे युरोपने 2004 साली पाहिले. सीमेन्सच्या कॉम्बिनो या लोकप्रिय लो-फ्लोअर ट्रामच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात तुकड्यांच्या जोडाजवळ भेगा सापडल्या, आणि 1,20,000 किलोमीटरपेक्षा जास्त धावलेल्या गाड्या सेवेतून काढा, असे कंपनीला स्वतः शहरांना कळवावे लागले. एस आकाराच्या वळणांवर सांगाड्याला जो पीळ बसतो, त्याचा अंदाज आराखड्यात कमी धरला गेला होता. कागदावरचे गणित चुकीचे नव्हते; त्या गणितात रस्त्यावरचा खरा रूळ पुरेसा आला नव्हता.

तरीही या गाड्या याव्यात म्हणून लोकांनी आग्रह धरला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अंशतः लो-फ्लोअर ट्राम 1984 साली जिनिव्हात आली. पण फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात 1987 साली जी ट्राम सुरू झाली, तिचा फ्लोअर खाली आला तो तिथल्या अपंग नागरिकांच्या संघटनांनी पाठपुरावा केल्यामुळे, आणि त्या शहराने थांबेही त्याच उंचीला बांधले. जर्मनीत ब्रेमेनला 1990 साली पूर्ण लांबीभर लो-फ्लोअर असलेली पहिली गाडी धावली. म्हणजे टोरंटोने करार केला तेव्हा हे तंत्र दोन दशके जुने होते. मग अडले कुठे?

अडले टोरंटोच्या रुळांवर. तिथे घोड्यांची ट्राम 1861 साली सुरू झाली आणि आजच्या रुळांची मांडणी अजूनही त्या जुन्या रस्त्यांना बांधलेली आहे. रुळांमधले अंतर 1495 मिलीमीटर, म्हणजे जगभरच्या प्रमाणित 1435 पेक्षा 60 मिलीमीटर जास्त. सर्वात घट्ट वळणाची त्रिज्या जेमतेम 11 मीटर. युरोपातले बहुतेक कारखाने 18 ते 20 मीटर धरून गाडी आखतात. काही चढ आठ टक्क्यांचे. आणि सगळ्यात नाजूक बाब म्हणजे रुळांचे सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागा. आपल्याकडे रेल्वेच्या सांध्यात दोन्ही रुळांना सरकणारी पाती असतात. टोरंटोच्या रस्त्यावरच्या सांध्यात फक्त आतल्या बाजूला एकच पाते असते. बाहेरच्या बाजूला नुसता खाचेचा लोखंडी तुकडा. आतले चाक पात्याने वळते आणि घट्ट आसामुळे बाहेरचे चाक त्याच्यामागे ओढले जाते. आता आस काढून चाके स्वतंत्र केली, तर बाहेरच्या चाकाला कोण ओढणार? ट्राम रुळावरून घसरण्याची भीती इथे असते.

म्हणूनच 2008 साली निघालेल्या पहिल्या निविदेत एकही बोली पात्र ठरली नाही. बॉम्बार्डियर या कॅनेडियन कंपनीची गाडीसुद्धा घट्ट वळणांवर घसरण्याच्या शक्यतेमुळे नाकारली गेली. मग बोलणी, बदल, पुन्हा गणिते, आणि जून 2009 मध्ये त्याच कंपनीशी 204 गाड्यांचा सुमारे 85 कोटी कॅनेडियन डॉलरचा करार. शहराकडे दोन मार्ग होते: रूळ बदलायचे किंवा गाडी बदलून घ्यायची. शंभरावर सांधे आणि भर चौकांतली वळणे उखडणे परवडणारे नव्हते, म्हणून गाडी बदलून घेतली. मला तो निर्णय बरोबर वाटतो. पण ज्या क्षणी आपण तयार गाडी सोडून आपल्या मापाची गाडी मागतो, त्या क्षणी आपण कारखान्याचा शिकण्याचा काळही विकत घेतो, आणि तो वेळापत्रकात कोणी लिहीत नाही.

पुढचे वर्तमानपत्रांत भरपूर आले आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. चाचणीची गाडी 2012 साली आली, प्रवाशांसाठी पहिल्या दोन गाड्या 31 ऑगस्ट 2014 रोजी स्पाडायना मार्गावर धावल्या. सांगाड्याचे भाग मेक्सिकोत बनत आणि ओंटारिओतल्या थंडर बे इथे जोडले जात. ते भाग मापात बसेनात, आणि 2015 अखेर शहराकडे वीस गाड्याही नव्हत्या. पुढे किंग्स्टनला जुळणीची दुसरी रांग सुरू करावी लागली. जुलै 2018 मध्ये आणखी एक बातमी आली: तोवर मिळालेल्या 89 पैकी 67 गाड्यांच्या वेल्डिंगमध्ये दोष होता आणि त्या एकेक करून क्युबेकला दुरुस्तीसाठी पाठवाव्या लागणार होत्या.

वेल्डिंगचा दोष ऐकून लोक चिडले, ते स्वाभाविक होते. पण त्यातली एक गोष्ट मला आवडली. गाड्या त्या वेळी सुरक्षितपणे धावत होत्या. दोष हा होता की 30 वर्षे टिकण्याऐवजी जोड आधी थकले असते. आजचा प्रवास चालू असताना पंचविसाव्या वर्षीच्या भेगेसाठी गाडी परत पाठवायची, आणि तीही गाड्यांची टंचाई असताना, याला धीर लागतो. आपल्याकडे भाडेकराराने आलेल्या बसबाबत कराराची मुदत संपल्यावरचा विचार करणारा माणूसच कुठल्या टेबलावर बसलेला नसतो.

या उशिराची किंमत मात्र प्रवाशांनी मोजली. जुन्या गाड्या आधीच थकल्या होत्या. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या हवेच्या नळ्या गोठत आणि सकाळी आगारातून गाड्याच बाहेर पडत नसत. काही ट्राममार्गांवर बस चालवाव्या लागल्या. शेवटची जुनी गाडी 29 डिसेंबर 2019 रोजी निवृत्त झाली. त्यानंतर शहराने त्याच बनावटीच्या आणखी 60 गाड्या मागवल्या, त्या 2023 पासून येऊ लागल्या. तोवर बॉम्बार्डियरचा रेल्वे व्यवसाय अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीकडे गेला होता. ही दुसरी मागणी पहिलीच्या मानाने सुरळीत गेली, कारण शिकण्याचा काळ संपला होता.

गाडीखेरीज दोन कामे कोणाला दिसत नाहीत, पण माझ्यासारख्याला तीच आधी दिसतात. पहिले आगार. जुनी गाडी 15 मीटरची, नवी 30 मीटरची. जुन्या शेडमध्ये ती मावत नाही, आणि मावली तरी काम करता येत नाही. कारण सगळी उपकरणे छतावर गेलेली असतात. जुन्या पद्धतीच्या आगारात कामगार पिटमध्ये, म्हणजे रुळांमधल्या खड्ड्यात उतरून खालून काम करतो. लो-फ्लोअर गाडीला छताच्या उंचीवर पूर्ण लांबीचा मचाण, कठडे, सुरक्षापट्टे अडकवायची सोय आणि वरून उचलणारी क्रेन लागते. टोरंटोने त्यासाठी लेस्ली बार्न्स हे सुमारे 100 गाड्यांचे नवे आगार बांधले, ते 2015 च्या अखेरीस वापरात येऊ लागले. दुसरे काम तारांचे. जुन्या गाड्या छतावरच्या लांब दांड्याने, म्हणजे ट्रॉली पोलने वीज घेत. नवी गाडी जास्त वीज ओढते, म्हणून पेंटोग्राफ, म्हणजे तारेला खालून टेकून सरकणारी छतावरची चौकट हवी. पण पोलसाठी टांगलेल्या तारेच्या जोडांवर आणि चौकांतल्या फुल्यांवर पेंटोग्राफ अडकतो. त्यामुळे मार्गामागून मार्ग तारा बदलत गेल्या आणि 2017 पासून पेंटोग्राफ वापरात आले. तोवर एकाच गाडीच्या छतावर दोन्ही साधने होती.

आता आपल्या आईंच्या अनुभवाकडे येतो. स्पाडायना, सेंट क्लेअर, क्वीन्स की या रस्त्यांवर ट्रामला मधोमध राखीव जागा आहे आणि थांब्याला उंच फलाट आहे. तिथे दार उघडले की फलाट आणि फ्लोअर यांच्यात थोडेच अंतर उरते. वॉकर उचलून ठेवला की माणूस आत. पण क्वीन स्ट्रीटसारख्या रस्त्यावर रूळ मधल्या मार्गिकेत आहेत, बाजूने मोटारी जातात, आणि प्रवासी पदपथावर उभा असतो. ट्राम थांबली की मागच्या मोटारींनी उघड्या दारामागे थांबायचे असा तिथला कायदा आहे. मग प्रवासी एक मार्गिका ओलांडून सपाट डांबरावरून गाडीत चढतो. इथे लो-फ्लोअर असूनही एक मोठी पायरी उरते. त्यासाठी दुसऱ्या दाराशी दुहेरी रॅम्प बसवला आहे: फलाटासाठी आखूड, रस्त्यासाठी लांब. चालकाला केबिनमधून उठून यावे लागते ते यासाठी. गाडी तीच, फ्लोअर तोच. आईंच्या पायाखालची जमीन वेगळी.

टोरंटोने यावर काही ठिकाणी सुंदर उत्तर शोधले आहे. रॉन्सेसव्हॅलेस रस्त्याची फेरबांधणी झाली तेव्हा थांब्याजवळ पदपथच रुंद करून थेट रुळापर्यंत आणला, आणि सायकलवाल्यांची वाट त्या उंचवट्यावरून नेली. किंग स्ट्रीटवर नोव्हेंबर 2017 पासून मोटारींना सरळ आरपार जायला बंदी घातली, थांबे चौकाच्या पलीकडे नेऊन चढण्यासाठी संरक्षित जागा दिली. रोजचे प्रवासी सुमारे 72,000 वरून 84,000 वर गेले आणि 2019 साली तो प्रयोग कायम झाला. यात नवी गाडी एकही घेतली नव्हती, रंगाचे डबे, काँक्रीटचे ठोकळे आणि फलक एवढेच साहित्य होते.

उलट उदाहरण मेलबर्नचे. जगातल्या सर्वात मोठ्या ट्रामजाळ्यांपैकी ते एक. तिथल्या राज्याच्या लेखापरीक्षकांनी 2020 साली तपासले तेव्हा 2018-19 या वर्षातल्या ट्रामसेवांपैकी केवळ 15 टक्के सेवांमध्ये लो-फ्लोअर गाडी आणि समान उंचीचा थांबा या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत होत्या. कुठे गाडी नवी आणि थांबा जुना, कुठे थांबा उंच आणि गाडी पायऱ्यांची. हा आकडा मी प्रत्येक तरुण अभियंत्याला पाठ करायला सांगतो, कारण खरेदीच्या कागदावर ते शहर याहून कितीतरी पुढे दिसत होते.

मुंबईत हे चित्र बसच्या रूपाने रोज दिसते. आपल्याकडच्या शहरी बसच्या केंद्रीय मानकांनुसार लो-फ्लोअर म्हणजे 400 मिलीमीटर, सेमी लो-फ्लोअर म्हणजे 650 आणि साधी बस 900. पदपथाची उंची 150 मिलीमीटरपेक्षा जास्त असू नये, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शन आहे. आता हिशेब करा. 400 ची बस पदपथाला चिकटून उभी राहिली आणि थांब्यावर एका बाजूला 70 मिलीमीटर झुकली, तर उरते 180. एक मीटर लांबीच्या रॅम्पवर साडेपाचास एक असा चढ होतो. मागून कोणी हलका हात दिला तर चाकाची खुर्ची जाते, आणि वॉकरवाल्या माणसाला एक लहान पायरी पुरते. तीच बस पदपथापासून पाच फूट दूर उभी राहिली, तर रॅम्प डांबरावर टेकतो आणि न झुकलेल्या बसला तो चढ अडीचास एक इतका होतो. त्यावरून कोणतीही खुर्ची चढत नाही. चढवू नये, मागे उलटते.

आणि बस दूर का उभी राहते? थांब्यासमोर टॅक्सी उभी, तिच्यामागे माल उतरवणारा टेम्पो, पुढे फेरीवाल्याची गाडी. चालकाला दोष देऊन उपयोग नाही. तिरकी घुसवली तर बसचा मागचा भाग रस्ता अडवतो. प्रवासीही मग पदपथ सोडून रस्त्यावर येऊन उभे राहतात, आणि डावीकडून दुचाकीवाले निसटत असतात. अशा जागी 400 आणि 650 यांच्यातला फरक म्हाताऱ्या माणसाला फारसा कळतही नाही. पूर्वी एका आगारात मी दाराजवळचे उलटवायचे रॅम्प पाहत असे. बिजागरीत चिखल आणि तिकिटांचे कपटे घट्ट बसलेले, उचलायचा आकडा चालकाच्या आसनामागून गायब, आणि झाकणाच्या खाचेत गंज. रॅम्प मोडला नव्हता. महिनोन्‌महिने कोणी उघडलाच नव्हता, कारण थांब्यावर तो उघडण्याजोगी जागाच मिळत नव्हती. मी तो रोजच्या सकाळच्या तपासणीत घालायला लावला: हवा, पाणी, दिवे, ब्रेक, आणि रॅम्प एकदा उघडून बंद करणे. काम अर्ध्या मिनिटाचे आहे.

लोकलच्या बाबतीत मुंबईने हा धडा वेगळ्या मार्गाने घेतला आहे. फलाट आणि डबा यांच्यातल्या पोकळीत माणसे पडून जखमी होत होती, उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि फलाटांची उंची वाढवण्याचे काम झाले. तिथे नवी गाडी घेतली नव्हती, जमीन वर आणली. त्या कामातली एक खाचही सांगतो: खडीवरच्या रुळाखाली पॅकिंग केले, म्हणजे खडी ठासून भरली की रूळ हळूहळू वर सरकतो, म्हणजे गाडी वर जाते आणि फलाट तिथेच राहतो. रस्त्यावर नेमके उलटे होते. डांबराचे थर चढत जातात, रस्ता वर येतो आणि पदपथ बुटका होत जातो. उंची एकदा साधून भागत नाही, दर काही वर्षांनी ती मोजावी लागते.

आता ट्राम. मुंबईत घोड्यांची ट्राम 9 मे 1874 रोजी सुरू झाली, विजेची 7 मे 1907 रोजी, दुमजली 1920 साली, आणि बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी 31 मार्च 1964 रोजी झाली. नव्वद वर्षे. ती पुन्हा यावी असे मलाही मनापासून वाटते, पण ट्राम नुसती परत आणता येत नाही. तिच्यासाठी रस्त्यातली जागा आधी मोकळी करावी लागते. ट्रामला टेम्पो चुकवून बाजूने जाता येत नाही. राखीव मार्गिका नसेल तर 30 मीटरची, 130 माणसे घेऊन चाललेली गाडी एका चुकीच्या जागी लावलेल्या मोटारीमागे उभी राहील, आणि तिच्यामागे मागून येणाऱ्या आणखी तीन ट्राम. टोरंटोच्या क्वीन स्ट्रीटवर हे आजही घडते.

दुसरा प्रश्न पावसाचा. रस्त्यात बसवलेल्या खाचेच्या रुळात गाळ बसतो. त्या खाचेला दर काही मीटरवर निचरा हवा, आणि तो निचरा जिथे जाऊन मिळतो ते गटार भरतीच्या वेळी उलटे वाहता कामा नये. हिंदमातासारख्या सखल भागात पाणी साचते तेव्हा छतावरची उपकरणे कोरडी राहतील, पण मोटर, गिअर आणि चाकांच्या बेअरिंग रुळापासून वीतभर उंचीवरच असतात. त्यामुळे मुंबईसाठी गाडी मागवताना पाण्याची खोली हे पहिल्या पानावरचे माप असले पाहिजे, जसे टोरंटोला 11 मीटरचे वळण होते. तिसरा प्रश्न जमिनीखालचा: जलवाहिन्या, मलवाहिन्या, वीज, गॅस, दूरध्वनी, सगळे एकाच पट्ट्यात. रूळ काँक्रीटमध्ये पंचवीस-तीस वर्षांसाठी बसतो; त्याच्याखालची वाहिनी पाचव्या वर्षी फुटली तर ट्राम बंद. टोरंटोत रूळ बदलतात तेव्हा खालच्या जलवाहिन्याही त्याच वेळी बदलून घेण्याचा प्रयत्न असतो. आपल्याकडे रस्ता काँक्रीटचा झाल्यावर दुसरे खाते खोदायला येते.

म्हणून आपल्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे: एखाद्या रुंद, सलग रस्त्यावर राखीव मार्गिका आणि समान उंचीचे थांबे आधी बांधा आणि त्यांवर पाच-सात वर्षे लो-फ्लोअर बस चालवून दाखवा. मार्गिका मोकळी राहिली आणि थांबे टिकले, तर रूळ घालण्याचा प्रस्ताव त्या जागेवर ठेवता येईल, आणि तोवर गिरगावच्या, परळच्या, कुर्ल्याच्या माणसांना बसमध्ये तरी नीट चढता येईल. मार्गिका मोकळी ठेवणे जमले नाही, तर ट्रामचा खर्च करू नये.

आपल्या हातात आज जे आहे तेही लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये वाहतुकीच्या साधनांबरोबर थांब्यांचाही उल्लेख आहे, त्याचा आधार घेऊन आपल्या विभाग कार्यालयाला पत्र द्या. पत्रात एकाच थांब्याबद्दल लिहा, आणि तो थांबा आईंचा रोजचा असू द्या. पदपथाची उंची टेपने मोजून मिलीमीटरमध्ये लिहा, थांब्याच्या खांबापासून पुढे-मागे किती मीटर जागा वाहनांनी अडलेली असते ते सकाळी आणि संध्याकाळी पाहून लिहा, छायाचित्रे जोडा. मागणी तीन ओळींची करा: कड 150 मिलीमीटरवर आणून सरळ करावी, बसच्या लांबीच्या दुपटीइतकी जागा पिवळ्या चौकटीने राखून तिथे पार्किंगबंदी करावी, आणि बसचे दार जिथे येते तिथला खांब किंवा जाहिरातीचा फलक हलवावा. त्याची प्रत बेस्टच्या आगार व्यवस्थापकांना आणि वाहतूक पोलिसांच्या चौकीला द्या, कारण कड पालिकेची, बस बेस्टची आणि टॅक्सी हटवण्याचा अधिकार पोलिसांचा आहे. तिघांपैकी एकालाच लिहिले तर पत्र उरलेल्या दोघांकडे बोट दाखवत परत येते. तोवर आईंना पुढच्या दाराने चढवा, चालकाला हात दाखवून बस कडेला घ्यायला सांगा, आणि वॉकर आधी आत ठेवून मग दाराचा उभा दांडा धरून त्यांना चढू द्या; उतरताना मात्र त्यांनी आधी खाली यावे आणि वॉकर मागून कोणीतरी द्यावा.